देवयानी राखाडीच का दिसते? आणि वाचकांचे इतर प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत दुर्बिणीबद्दलच्या तक्रारी सर्वांत जास्त आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते असे वाचले होते. हिवाळ्यात गच्चीवरून १० × ५० च्या (१० पट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगांच्या) द्विनेत्रीने बऱ्याचदा शोधली, पण सापडत नाही. कुठे चुकते? (चिंचवड)

बहुतेक जण दोन ठिकाणी अडकतात. एक म्हणजे डोळ्यांसमोर फोटोतली निळसर-जांभळी सर्पिल चकती असते आणि तेच शोधले जाते. द्विनेत्रीत दिसतो तो राखाडी, लांबट, कडा विरलेला धुरकट डाग. अनेकांच्या नजरेखालून तो गेलेला असतो, पण 'काच पुसायला हवी' म्हणून सोडून दिलेला असतो. दुसरे म्हणजे सुरुवात कोणत्या ताऱ्यापासून करायची हे पक्के नसते.

आधी वेळ. महाराष्ट्रातून देवयानी डोक्यावर येते ती नोव्हेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास आणि डिसेंबरच्या सुरुवातीला साडेआठच्या आसपास. डोक्यावर म्हणजे खस्वस्तिकाच्या (अगदी माथ्यावरच्या बिंदूच्या) थोडी उत्तरेला, क्षितिजापासून सुमारे ६७ अंशांवर. चंद्र नसलेली रात्र हवी. दिवाळीची अमावास्या तारखेने उत्तम, पण फटाक्यांचा धूर आकाशाची वाट लावतो. पुढची कार्तिक अमावास्या गाठा.

आता वाट. भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्यावर शोधा. त्याच्या पूर्वेकडच्या दोन ताऱ्यांपैकी उत्तरेकडचा, म्हणजे उत्तरा भाद्रपदेचा वरचा तारा, ही तुमची सुरुवात. तिथून ईशान्येला ताऱ्यांची एक ओळ निघते. ओळीतला पहिला तारा अंधूक आहे, तो सोडा. दुसरा, ठळक आणि किंचित तांबूस, तो मिराक. मिराकवर काटकोनात वळा, उत्तरेकडच्या शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने. साधारण चार अंशांवर एक मध्यम तारा लागतो आणि तेवढ्याच ओळीत पुढे तीन अंशांवर दुसरा, जरा मंद. या दुसऱ्या ताऱ्याच्या पश्चिमेला जेमतेम सव्वा अंशावर तो धुरकट डाग आहे. १० × ५० द्विनेत्रीचे दृश्यक्षेत्र साधारण साडेसहा अंशांचे असते. म्हणजे मिराक एका कडेला घेऊन दुसऱ्या कडेकडे सरकलात, की मधला तारा, मंद तारा आणि दीर्घिका ओळीने समोर येतात. पडताळा हवा असेल तर शर्मिष्ठेच्या एम आकारातला जो कोपरा जास्त टोकदार आहे, तोही देवयानीकडेच बोट दाखवतो. अंतर १५ अंश, म्हणजे लांब केलेल्या हाताची दीड मूठ.

डाग सापडला की त्याच्याकडे रोखून पाहू नका. नजर त्याच्या किंचित बाजूला ठेवा, तो लगेच मोठा आणि ठळक वाटेल. डोळ्याच्या मध्यभागी रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी दाटीने असतात आणि त्यांना बराच उजेड लागतो. मंद उजेडात काम करणाऱ्या दंड पेशी मध्याच्या बाहेर असतात, पण त्यांना रंग कळत नाही. देवयानी राखाडी दिसण्याचे कारणही हेच. कॅमेरा मिनिटे-तास प्रकाश साठवतो, डोळ्याला ती सोय नाही. दंड पेशींना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती मेहनत वाया जाते. नकाशा मोबाइलवरच पाहायचा असेल तर पडदा लाल आणि अगदी मंद करा.

चिंचवडच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी ती दिसण्याची आशा धरू नका. द्विनेत्रीतून मात्र गाभा दिसायला हवा. पूर्ण विस्तार तीन अंशांचा, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट लांब आहे. तो शहरी उजेडात बुडून जातो आणि उरतो फक्त मधला भाग. त्यामुळे जे सापडते ते अपेक्षेपेक्षा बरेच लहान असते, हेही लक्षात ठेवा. कोपर कठड्यावर टेकवा किंवा आरामखुर्चीत पडून पाहा. हात थरथरले तर मंद डाग सर्वांत आधी नाहीसा होतो.

मुलासाठी ऑनलाइन '५२५ पट' मोठे करून दाखवणारी दुर्बीण घेतली. ६० मिमी भिंग, ७०० मिमी नाभीय अंतर असे खोक्यावर लिहिले आहे. काहीही पाहिले तरी थरथरणारा काळपट गोळा दिसतो. दुर्बीण खराब निघाली का? (सोलापूर, अमरावती व इतर)

दुर्बीण बहुधा ठीक आहे, खोक्यावरचा आकडा खोटेपणाच्या अगदी काठावर आहे. हिशेब असा. किती पट मोठे दिसते हे काढायला भिंगाच्या नाभीय अंतराला (भिंगापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागतात. ७०० ला ४ मिमीच्या आयपीसने भागले की १७५. त्यापुढे ३ पटीचे बार्लो, म्हणजे आयपीसआधी बसवून प्रतिमा आणखी मोठी करणारे भिंग, जोडले की ५२५. गणित बरोबर, उपयोग शून्य. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधल्या आकड्याची दुप्पट ही व्यवहारातली वरची मर्यादा धरतात. म्हणजे तुमच्याकडे १२० पट, आणि तेही हवा अगदी स्थिर असेल तर. त्यापुढे प्रतिमा फक्त फुगते आणि काळवंडते. ६० मिमी भिंग जेवढा प्रकाश गोळा करते तो तेवढाच राहतो, तोच आणखी मोठ्या क्षेत्रावर पसरतो. शिवाय तपशील वेगळे दाखवण्याची भिंगाची क्षमता व्यासावर ठरते. ६० मिमीला ती सुमारे दोन विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असते, तुम्ही कितीही पट वाढवा.

बार्लो आणि ४ मिमीचे आयपीस परत खोक्यात ठेवा. सोबत '१.५ पट' लिहिलेली, प्रतिमा सुलटी करणारी नळी असेल तर तीही. आकाशात उलट-सुलट काही नसते आणि जादा काच म्हणजे जादा प्रकाश वाया. २० मिमीचे आयपीस लावा, ३५ पट होईल. तुमचे काम तेवढ्यावर सुरू होते.

पुढच्या टोकाचे झाकण नीट पाहा. अनेक दुर्बिणींच्या झाकणात एक लहान बूच असते. ते काढले की झाकण उघडले असे वाटते, पण मोठे झाकण तसेच राहते आणि ६० मिमीची दुर्बीण २०-२५ मिमीची होऊन बसते. 'काळपट' तक्रारींपैकी काहींचे मूळ इथेच असते.

फाइंडर, म्हणजे नेम धरायला वर बसवलेली छोटी दुर्बीण, दिवसा जुळवा. किमान एक किलोमीटर दूरचा मनोरा किंवा देवळाचा कळस मुख्य दुर्बिणीच्या मध्यावर आणा आणि दुर्बीण न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याच्या फुलीवर तोच कळस आणा. रात्री हे करायला गेलात तर चंद्रही सापडत नाही. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका. मधल्या तबकडीला पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांगा, थरथर बरीच कमी होते. सिमेंटच्या गच्चीतून दिवसभराची उष्णता संध्याकाळी बाहेर पडत असते आणि तिच्यामुळे प्रतिमा उकळल्यासारखी हलते. रात्री उशिरा किंवा मातीच्या अंगणात फरक दिसेल. खिडकीच्या काचेतून तर पाहूच नका.

३५ पटीला काय दिसते? अर्धचंद्राच्या सीमेवरची विवरे, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकांचा गुच्छ, मृगातला तेजोमेघ. शनीची कडी बारीक पण वेगळी दिसतात. २०२५ मध्ये ती जवळजवळ कडेवरून दिसत होती, आता पुन्हा उघडू लागली आहेत. तारे मात्र घरच्या कोणत्याही दुर्बिणीत ठिपकेच दिसणार. तारा वाटोळा गोळा दिसत असेल तर फोकस जुळलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रतिमा लहानात लहान ठिपका होईपर्यंत फोकसची चक्री फिरवत राहा.

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संचात आयपीसला लावायची 'सन' लिहिलेली गडद काच असेल तर ती फोडून फेकून द्या, मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. ती जिथे बसते तिथे भिंगाने गोळा केलेली सूर्याची सगळी उष्णता एकवटलेली असते. काच अचानक तडकते आणि पापणी मिटण्याच्या आत डोळ्याला कायमची इजा होते. सूर्यासाठी दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला, संपूर्ण भिंग झाकेल असाच फिल्टर हवा.

अजून खरेदी केली नसेल त्यांच्यासाठी: एवढ्याच पैशांत चांगली १० × ५० द्विनेत्री येते आणि ती जास्त वापरली जाते. दुर्बीणच हवी असेल तर थोडे थांबून १३० किंवा १५० मिमी आरशाची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्या. खोक्यावर 'किती पट' हे मोठ्या अक्षरात छापलेले असेल, तर ते खोके दुकानातच राहू द्या.

व्याधाचे अंतर सगळीकडे ८.६ प्रकाशवर्षे दिलेले असते. आर्द्राचे मात्र एका पुस्तकात ४३०, दुसऱ्यात ६४०, तिसऱ्यात ७२०. यातले खरे कोणते? (सांगली)

तिन्ही आकडे खऱ्याखुऱ्या मोजमापांतून आलेले आहेत. मोजणी कशी होते ते पाहिले की फरक का पडतो ते कळेल.

पृथ्वी जानेवारीत जिथे असते, तिथून जुलैत ती सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर, कक्षेच्या दुसऱ्या बाजूला असते. दोन्ही वेळी एकाच ताऱ्याची जागा मोजली, तर दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला लंबन म्हणतात. एक अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला होते. ज्या ताऱ्याचे लंबन बरोबर एक विकला असेल तो ३.२६ प्रकाशवर्षे दूर, अर्धी विकला असेल तर दुप्पट दूर. व्याधाचे लंबन ०.३७९ विकला आहे. ३.२६ ला त्याने भागा, ८.६ येते. ही पद्धत प्रथम यशस्वी केली फ्रेडरिक बेसेल यांनी, १८३८ मध्ये, हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्यावर. तो ११.४ प्रकाशवर्षे दूर आहे.

आर्द्राचे लंबन विकलेच्या हजाराव्या भागांत मोजावे लागते, पाच ते सातच्या आसपास. आणि आर्द्रा हा इतका अवाढव्य तारा आहे की त्याची चकतीच चाळीस हजारांश विकलांहून मोठी दिसते. म्हणजे जेवढे सरकणे मोजायचे, त्याच्या सहा-आठपट मोठी वस्तू. त्यात भर म्हणजे चकतीवर मोठमोठे तेजस्वी आणि मंद पट्टे उमटतात, बदलतात आणि त्यामुळे प्रकाशाचा मध्य स्वतःच हलतो. तारा स्वतः हलला, की नुसता त्याच्यावरचा डाग हलला, हे वेगळे करणे कठीण.

युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाच्या १९९७ च्या यादीत अंतर सुमारे ४३० प्रकाशवर्षे आले. तीच निरीक्षणे २००७ मध्ये नव्याने तपासल्यावर ते सुमारे ५०० झाले. रेडिओ दुर्बिणींची मोजणी मिसळल्यावर २००८ मध्ये ६४० आणि २०१७ मध्ये ७२० च्या घरात गेले. २०२० मध्ये ताऱ्याच्या स्पंदनांवरून केलेल्या अभ्यासाने पुन्हा सुमारे ५५० सांगितले. हिप्पार्कसनंतरच्या गाया उपग्रहाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली, पण आर्द्रा त्याच्या उपकरणांसाठी फारच तेजस्वी आहे. तुम्ही '५०० ते ७२० च्या दरम्यान' असे लिहून ठेवा. अशा ताऱ्यापुढे नुसता एकच आकडा छापणारे पुस्तक मला अर्धवट वाटते.

लंबन जिथे थकते तिथून पुढे दुसरी मोजपट्टी लागते. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात, त्यांना सेफीड म्हणतात. हेन्रिएटा लेविट यांनी लहान मॅगेलन मेघातले असे २५ तारे तपासून १९१२ मध्ये दाखवले, की ज्याचे आवर्तन जास्त दिवसांचे, तो मुळात जास्त तेजस्वी. मग दिवस मोजले की खरे तेज कळते, आणि दिसणारे तेज त्याच्याशी ताडले की अंतर. एडविन हबल यांना ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीत असा तारा सापडला आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे हे ठरले. त्यांचे उत्तर होते सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. सेफीड दोन प्रकारचे असतात आणि हबल यांनी भलत्या प्रकाराची पट्टी लावली होती, हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये जाहीर केले आणि देवयानी एका फटक्यात दुप्पट दूर गेली. आजचा आकडा २५ लाख. जुन्या पुस्तकात वेगळा आकडा दिसला तर प्रकाशनाचे साल पाहा, निम्मे कोडे तिथेच सुटते.

आपण पाहतो ते बरेचसे तारे प्रत्यक्षात केव्हाच मेलेले असतात, असे आमच्या सरांनी सांगितले. खरे आहे का? (इयत्ता नववी, लातूर)

नाही. ऐकायला हे भारी वाटते म्हणून सगळीकडे सांगितले जाते. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे एक-दोन हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत. अभिजित २५, स्वाती ३७, रोहिणी ६५, चित्रा साधारण २५०. म्हणजे त्यांचा प्रकाश फार तर एक-दोन हजार वर्षांपूर्वी निघालेला. आणि ताऱ्यांचे आयुष्य? सूर्यासारख्या ताऱ्याचे सुमारे १० अब्ज वर्षे. अगदी धिप्पाड, उधळ्या ताऱ्यांचेसुद्धा तीस लाख ते काही कोटी. एवढ्या आयुष्यात नेमका शेवटच्या हजार वर्षांतच तारा गाठला जाण्याची शक्यता नगण्य.

संशयित म्हणावा असा आर्द्रा. तो येत्या लाखभर वर्षांत अतिनवतारा म्हणून फुटेल असा अंदाज आहे. त्याचा प्रकाश ६०० वर्षांचा जुना धरला, तर तो आधीच फुटला असण्याची शक्यता लाखात सहाशे, म्हणजे शेकडा अर्ध्याहून जरा जास्त. २०१९ च्या अखेरीस तो अचानक मंदावला तेव्हा बातम्यांत 'शेवट जवळ' असे मथळे आले. निघाले काय, तर ताऱ्याने स्वतःच बाहेर फेकलेल्या धुळीचा पडदा आड आला होता.

सरांचे म्हणणे दूरच्या दीर्घिकांना मात्र लागू पडते. देवयानीतला जो निळा, अल्पायुषी तारा आज मोठ्या दुर्बिणीत दिसतो, त्याचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला आहे. त्यातले काही नक्कीच संपलेले असतील.

हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असे दरवर्षी ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात येते. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे'ही पाहिले. इतर ठिकाणी मात्र गुंटूरचे नाव वाचले. (देवगड)

विजयदुर्गाचे खगोलशास्त्रातले स्थान खरे आहे, फक्त ते वेगळ्या ग्रहणाचे आहे. दोन ग्रहणे एकात मिसळली गेली आहेत.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी दक्षिण कोकणातून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण अशी गेली. पावसाळा असल्याने बऱ्याच ठिकाणी ढगांनी घोटाळा केला. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना इतक्या झगझगीत रेषा दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या पाहता येतील हे त्यांच्या लक्षात आले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते करूनही दाखवले. त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ती अनेक निरीक्षकांनी पाहिली आणि सोडियमची समजून सोडून दिली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात, ही ५८७.६ ला. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा. ग्रहणाच्या पाच-सहा मिनिटांच्या धांदलीत तो कुणाच्या लक्षात येणार?

विजयदुर्गाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वर्षी भारतात आलेच नव्हते. त्यांनी मागवलेले नवे वर्णपटदर्शक ऑक्टोबरमध्ये हाती आले आणि २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, त्यांनी त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर बसत नाही हे त्यांनी ओळखले. जान्सेन आणि लॉकियर यांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, म्हणून श्रेय दोघांत वाटले जाते. रेषा एका अनोळखी मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, आहे हा निष्कर्ष मात्र लॉकियर यांचा. त्यावर अनेकांचा विश्वास बसायला १८९५ उजाडावे लागले. त्या वर्षी विल्यम रॅम्झे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली.

लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. सोबत मोठी मोहीम होती आणि मेलपोमीनी या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांनी उपकरणे उभारायला मदत केली. जड उपकरणांना न हलणारी, सपाट बैठक लागते. 'साहेबाचे ओटे' या मोहिमेशी जोडणे मला जास्त सयुक्तिक वाटते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नाएगमवाला यांनी सोलापूर भागातल्या जेऊरला तळ ठोकला होता. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिले जाते.

म्हणजे १८९८ पर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे झाली होती. किल्ल्यावर हेलियम दिवस जरूर साजरा करावा, पण फलकावर १८६८ सोबत १८९८ ही लिहावे.

ध्रुवतारा एवढा प्रसिद्ध, पण आम्हाला तो ओळखताच येत नाही. (कोल्हापूर)

कारण तो साधारणच तेजाचा आहे, तेजस्वितेच्या यादीत पहिल्या चाळिसातही बसत नाही. त्याचे महत्त्व जागेमुळे. त्याची क्षितिजापासूनची उंची तुमच्या अक्षांशाएवढी असते: कोल्हापूरला पावणेसतरा अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात २१, लंडनमध्ये राहणाऱ्या वाचकांना ५१. लांब केलेल्या हाताची मूठ १० अंशांची धरा. उत्तर क्षितिजावर पावणेदोन मुठी मोजा, त्या भागात एकटा असलेला तारा तो ध्रुव. उन्हाळ्यात सप्तर्षींतले पुलह आणि क्रतु (चौकोनाचे शेपटीपासून दूरचे दोन तारे) जोडून ती रेषा क्रतुच्या पुढे पाचपट वाढवा. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी सप्तर्षी मावळलेले असतात, तेव्हा शर्मिष्ठेचा आधार घ्या. उत्तरेला टेकडी किंवा इमारत असेल तर मात्र जागा बदलण्याला पर्याय नाही.

विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे. मग दिसणारे विश्व प्रत्येक दिशेला ४६ अब्ज प्रकाशवर्षे कसे? प्रकाशापेक्षा जास्त वेगाने काही जाऊ शकत नाही ना? (ठाणे)

प्रश्नातच एक गृहीत दडले आहे, की प्रकाश चालत असताना रस्त्याची लांबी तेवढीच राहिली. तसे नसते. इलॅस्टिकच्या पट्टीवर मुंगी चालते आहे आणि कुणीतरी पट्टी ताणतो आहे असे समजा. मुंगी ठरल्या वेगानेच चालते, पण ती पोहोचेपर्यंत तिची सुरुवातीची जागा, तिने चाललेल्या अंतरापेक्षा कितीतरी दूर गेलेली असते. अवकाश स्वतः ताणले जाते, त्यातून जाणारा प्रकाश आपली वेगमर्यादा कुठेच मोडत नाही.

प्रत्यक्ष उदाहरण घ्या. जेम्स वेब दुर्बिणीने पाहिलेली आणि २०२४ मध्ये जाहीर झालेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका महास्फोटानंतर सुमारे ३० कोटी वर्षांनी जशी होती तशी आपल्याला दिसते. म्हणजे तिचा प्रकाश साडेतेरा अब्ज वर्षे वाटेत होता. पण तो निघाला तेव्हा ती आपल्यापासून फक्त सव्वादोन अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास होती, आणि आज ती सुमारे ३४ अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे. बातमीत 'साडेतेरा अब्ज प्रकाशवर्षे दूर' असे छापून येते. ते प्रवासाच्या काळाचे वर्णन आहे, अंतराचे नव्हे. तारे आणि जवळच्या दीर्घिकांच्या बाबतीत हा फरक नगण्य, म्हणून गोंधळ लक्षात येत नाही.

केंद्राबद्दलही अनेकांनी विचारले आहे. सगळ्या दीर्घिका आपल्यापासून दूर जाताना दिसतात, म्हणून आपण मधोमध असे वाटते. पण दुसऱ्या कोणत्याही दीर्घिकेतून पाहिले तरी नेमके हेच दिसेल. ४६ अब्ज प्रकाशवर्षांचा गोल आपल्याभोवती आहे, कारण पाहणारे आपण आहोत. त्यापलीकडेही विश्व आहे, तिथला प्रकाश अजून आलेला नाही इतकेच. आणि देवयानी? ती दूर न जाता आपल्याकडे येते आहे, सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने. जवळच्या दीर्घिकांत गुरुत्वाकर्षण प्रसरणाला पुरून उरते.

आजोबांच्या नावाने एक तारा विकत घ्यायचा आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संकेतस्थळांपैकी विश्वासार्ह कोणते? (नाशिक)

एकही नाही. ताऱ्यांची अधिकृत नावे आंतरराष्ट्रीय खगोल संघटना ठरवते आणि ती नावे विकत नाही. प्रमाणपत्र हे त्या कंपनीच्या स्वतःच्या वहीतली नोंद असते. तोच तारा दुसरी कंपनी दुसऱ्याला विकू शकते, आणि तो बहुधा इतका मंद असतो की मोठ्या दुर्बिणीशिवाय दिसणारही नाही. संघटनेने २०१९ मध्ये प्रत्येक देशाला एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव सुचवण्याची संधी दिली होती. भारताच्या वाट्याच्या ताऱ्याचे नाव विभा ठरले, भौतिकशास्त्रज्ञ विभा चौधुरी यांच्यावरून, आणि त्याच्या ग्रहाचे संतमस. त्यासाठी कुणी एक रुपयाही मोजला नव्हता.